दीड मिनिटाची बांधणी

टॅलेंट शोच्या पहिल्या फेरीत हातात येतात साधारण नव्वद सेकंद. कधी दोन मिनिटं, त्याहून जास्त क्वचितच. गाण्याची लय मिनिटाला १२८ ठोक्यांची धरली, तर आठ ठोक्यांचा एक 'एट' पावणेचार सेकंदांत संपतो आणि नव्वद सेकंदांत असे बरोबर चोवीस एट बसतात. पहिले दोन जागा धरण्यात जातात, शेवटचा पोझमध्ये थांबण्यात. उरलेल्या एकवीसांत वीस-पंचवीस जणांनी आत येऊन, थर लावून, एकाला हवेत उडवून, झेलून, थर उतरवून पुन्हा रांगेत यायचं असतं, आणि त्यात कुठेही घाई दिसता कामा नये.

टीव्हीवर यातलं काही सांगितलं जात नाही. अ‍ॅक्टच्या आधी दिसते ती एव्ही, म्हणजे ओळख करून देणारी छोटी चित्रफीत: पत्र्याची खोली, मोरीतला नळ, बोलता बोलता भरून आलेले आईचे डोळे, मागे संथ व्हायोलिन. त्या घराबद्दल आणि त्या आईबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या मुलांचं काम गरिबीमुळे मोठं झालेलं नसतं. ते मोठं असतं त्याच्या बांधणीमुळे, आणि ती बांधणी सांगता येते, शिकवता येते, बघणाऱ्याला उलगडून दाखवता येते. तीन मिनिटांच्या एव्हीत वीस सेकंद जरी 'हा टॉस, म्हणजे माणसाला उडवून झेलणं, कसा बसवला' याला दिली, तरी बघणारा पुढचं दीड मिनिट वेगळ्या नजरेनं बघेल.

'गॉट टॅलेंट' हा शो अमेरिकेत २००६ साली सुरू झाला, ब्रिटनमध्ये २००७ साली, आणि आपल्याकडे २००९ मध्ये कलर्स वाहिनीवर 'इंडियाज गॉट टॅलेंट' आलं. गाणं, नाच, जादू, कसरत, नकला, सगळे एकाच रांगेत उभे करायचे हा त्याचा साचा. पहिल्याच पर्वात ओडिशातल्या बेरहामपूरचा प्रिन्स डान्स ग्रुप जिंकला. अंगाला चंदेरी रंग फासून माणसांच्या शरीरांतूनच देवांच्या आकृती उभ्या करणारी ती मुलं अनेकांना अजून आठवत असतील. २०२२ मध्ये तोंडानं ठेका वाजवणारा बीटबॉक्सर दिव्यांश आणि बासरीवादक मनुराज ही जोडी जिंकली, २०२३ मध्ये छत्तीसगडच्या नारायणपूर भागातली अबूझमाड मल्लखांब अकादमी. आणि मुंबईच्या व्ही. अनबीटेबल ग्रुपनं २०१९ साली थेट अमेरिकेतल्या शोमध्ये चौथा क्रमांक मिळवला, तर २०२० मध्ये त्याच शोचं 'चॅम्पियन्स' पर्व जिंकलं. वसई-नालासोपारा पट्ट्यातून वर आलेल्या किंग्ज युनायटेडनं २०१९ मध्येच अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा जिंकली.

ही यादी नीट पाहिली की जाणवतं, यातल्या बहुतेकांना जिंकण्यासाठी भाषा लागलेली नाही. शरीरांची रचना, वजनाचा तोल आणि लय, एवढ्यावर काम झालं आहे. मुंबईत या तिन्ही गोष्टींची शाळा गल्लीतच असते. व्यायामशाळेत मल्लखांब, श्रावणात गोविंदा पथक, गणपतीत आणि नवरात्रात डान्सची स्टेजं. उपनगरातला मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षीच खांद्यावर माणूस घेऊन उभं राहायला शिकलेला असतो.

पण दहीहंडीचा थर आणि स्टेजवरचा टॉस यांत मोठा फरक आहे, आणि नव्या ग्रुपची पहिली चूक तिथेच होते. थरात वजन स्थिर असतं, ते सरळ खाली उतरतं. खालच्या पायानं न हलता उभं राहायचं, सगळ्यांत वरचा एक्का पोहोचेपर्यंत श्वास धरायचा, हा त्याचा धर्म. टॉसमध्ये खालच्यांना न हलून चालत नाही. त्यांनी गुडघ्यातून बसून, एकाच क्षणी उठून, हात सोडून, लगेच पुढच्या जागी झेलायला पोहोचायचं असतं. थर लावण्यात मुरलेली मुलं सुरुवातीला टॉस हातानं देतात, पायानं देत नाहीत. मग उंची मिळत नाही आणि दोन आठवड्यांत खांदे दुखायला लागतात.

उंचीचा हिशेब गाण्याशी बांधलेला असतो, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. फ्लायर, म्हणजे हवेत उडणारा, ज्या उंचीवरून सुटला त्याच उंचीवर झेलायचा असेल, तर तो हवेत किती वेळ राहील हे फक्त तो किती वर गेला यावर ठरतं. १२८च्या लयीत एक ठोका ०.४७ सेकंदाचा. दोन ठोक्यांत झेल हवा असेल तर त्याला सुमारे १.१ मीटर वर पाठवावं लागतं. तीन ठोक्यांत हवा असेल तर २.४ मीटर. चार ठोके हवेत ठेवायचा असेल तर ४.३ मीटर, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीपेक्षाही उंच, आणि एवढं बहुतेक ग्रुपच्या ताकदीबाहेरचं आहे. म्हणून व्यवहारात पर्याय दोनच: दोन ठोके किंवा तीन ठोके. दोन मीटरचा टॉस दिला तर झेल पावणेतीन ठोक्यांवर पडतो. तो सुरक्षित असतो, स्वच्छही असतो, पण तालाच्या आधी पडल्यामुळे बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, काय ते मात्र सांगता येत नाही. अशा वेळी मुलांना ओरडण्यापेक्षा गाण्याची लय बदलून पाहावी. लय १३२ केली तर तीन ठोक्यांसाठी उंची २.३ मीटरपर्यंत खाली येते. १४० केली तर दोन मीटर पुरतात. दहा सेंटीमीटर कमी म्हणजे फेकणाऱ्यांच्या पायांना केवढा आराम, हे तालीम घेणारा माणूसच जाणतो.

तालमीच्या जागेचा प्रश्न याच हिशेबातून उभा राहतो. झेल छातीच्या उंचीवर धरला, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटर, तर तीन ठोक्यांच्या टॉसमध्ये फ्लायरची कंबर बारा फुटांवर पोहोचते. त्याचे हात वर असतील तर छत निदान पंधरा फुटांचं हवं. सोसायटीचा हॉल दहा फुटांचा असतो आणि त्याला पंखेही असतात. त्यामुळे मुंबईतले ग्रुप गच्चीवर, पालिकेच्या शाळेच्या मैदानात, रेल्वेच्या कडेच्या मोकळ्या जागेत तालीम करतात, आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने त्यांच्या हातातून जवळजवळ जातात. ओल्या गच्चीवर टॉस देऊ नये, याला अपवाद नाही. पावसाळ्यात फक्त जमिनीवरचं काम, फॉर्मेशन आणि ताकदीचा व्यायाम करावा. जे ग्रुप पावसाळ्यात पायांवर मेहनत घेतात त्यांचे दिवाळीनंतरचे टॉस वेगळेच दिसतात.

झेल हे फेकण्यापेक्षा अवघड काम आहे. चार जोड्या समोरासमोर, हात कोपरापर्यंत एकमेकांच्या हातांत आलटून-पालटून, तळवे वर, कोपरं किंचित वाकलेली, डोकी मागे. सगळ्यांत मजबूत जोडी खांद्यांखाली, कारण धड आणि डोकं मिळून शरीराचा जड भाग तिथेच येतो. बारीक मुलं पायांकडे. एक जण फक्त डोकं आणि मान सांभाळायला, त्यानं झेलायचं नाही. २.४ मीटरवरून येणारा फ्लायर ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगानं हातांवर पडतो. तो चाळीस किलोचा असेल आणि आठ जणांनी गुडघे-हात मिळून चाळीस सेंटीमीटर खाली जात त्याला घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पस्तीस किलोंचा भार येतो. हेच हात वीस सेंटीमीटरच खाली गेले तर तो पासष्ट किलोंवर जातो. ताठ हातांनी झेलणाऱ्यांची मनगटं का सुजतात याचं उत्तर एवढंच आहे. 'घट्ट पकड' असं ओरडणाऱ्यापेक्षा 'खाली घे' म्हणणारा सर मुलांना जास्त वर्षं टिकवतो.

दिशेची चूकही अशीच वाढते. टॉस सरळ वर न जाता पाच अंशांनी कलला, तर फ्लायर खाली येईपर्यंत ती चूक ८५ सेंटीमीटरची होते. म्हणजे तो झेलणाऱ्यांच्या एका जोडीइतका बाजूला पडतो आणि जिथे खांदे यायचे तिथे कंबर येते. हा कल बहुतेक वेळा एका फेकणाऱ्याच्या उशिरामुळे येतो. सगळे 'आठ'वर उठतात, एक जण 'आठ' ऐकून उठतो. म्हणून काउंट एकाच आवाजात हवा, आणि तो फेकणाऱ्यांपैकीच एकाचा असावा, बाहेर बसलेल्या सरांचा नसावा. स्टेजवर गाणं एवढ्या जोरात असतं की बाहेरचा काउंट ऐकूच येत नाही. मग तालमीत ज्या आवाजावर विसंबलो तो ऐन वेळी गायब होतो.

फ्लायरचं काम दिसतं त्याहून साधं आणि त्याहून कठीण आहे: अंग ताठ ठेवणं. पोट, मांड्या, गुडघे आवळलेले. हवेत असताना खाली बघायचा मोह झाला की मान वळते, कमरेत घडी पडते आणि तो दोन जोड्यांच्या मधून निसटतो. नवा फ्लायर आधी जमिनीवर पाटासारखा ताठ पडून राहायला शिकतो. मग त्याला कमरेइतका उचलून सोडतात, मग एक ठोक्याचा टॉस, मग दोनाचा. गिरकी सगळ्यांत शेवटी. प्रत्येक पायरीवर खाली फूटभर जाडीची फोमची मॅट हवी. घरातल्या कापसाच्या गाद्या एकावर एक रचून काम भागवतात ते धोक्याचं आहे. कापूस एकदा दबला की परत उसळत नाही आणि चौथ्या-पाचव्या पडण्याला खालची फरशीच लागते. नखं कापलेली, अंगठ्या, कडी, मनगटातले गंडे, घड्याळं काढलेली. टॉस तालमीच्या सुरुवातीला, अंग तापल्यावर लगेच. हात थकल्यानंतर कधीही नाही. एका पाठोपाठ दोन झेल सैल आले की त्या दिवसाचे टॉस संपले, असा नियम असलेला ग्रुप मला मोठा वाटतो, मग तो कुठल्या फेरीत बाहेर पडला ते महत्त्वाचं नाही.

व्ही. अनबीटेबलच्या नावातलं 'व्ही' हे त्यांच्या एका साथीदाराच्या नावाचं आद्याक्षर आहे. तालमीतल्या अपघातात तो जायबंदी झाला आणि नंतर गेला. त्याच्या नावाचे शर्ट घालून ती मुलं अमेरिकेच्या स्टेजवर उभी होती. ही गोष्ट सांगताना वाहिन्यांवर भावनेचा भर असतो आणि तो स्वाभाविक आहे. मला मात्र वाटतं, त्या नावाचा मान राखायचा तर गल्लीगल्लीत चाललेल्या तालमींपर्यंत मॅट, पडणाऱ्याला सावरणारे स्पॉटर आणि पायऱ्या-पायऱ्यांनी शिकवण्याची पद्धत पोहोचायला हवी.

आता स्टेज. ज्यांनी सिमेंटवर तालीम केली ते सेटवर पहिल्या रिहर्सललाच चपापतात. सेटचं स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या प्लायच्या पाट्या, वर गुळगुळीत थर किंवा एलईडीची काचेसारखी फरशी. वीस जण एका ठोक्यावर उडी मारतात तेव्हा प्लाय खाली दबतो आणि परत येतो. त्यामुळे उठायचा क्षण किंचित मागे-पुढे सरकतो. दोन पाट्यांमधली फट, लेव्हलची कड, एलईडीची चमक, यांचा अंदाज पायांना आधी यायला हवा. म्हणून टेक रिहर्सलमध्ये पूर्ण जोरात नाचण्याआधी सगळ्यांनी एकदा स्टेजभर नुसतं चालून घ्यावं. धुराच्या यंत्रानं फरशीवर पातळ थर बसतो, सुक्या बर्फाच्या धुरानं ओल येते, आधीच्या अ‍ॅक्टची चमकी पडलेली असते. बुटांचे तळ पुसायला ओला फडका आणि कोरडा फडका, दोन्ही विंगेत ठेवावेत. अंगाला रंग लावणारे ग्रुप एक गोष्ट हमखास विसरतात: रंग लागला की पकड बदलते. घाम आणि रंग मिसळून मनगट निसटतं. निदान दोन तालमी पूर्ण रंग लावून झाल्याच पाहिजेत.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी बोलणं ही तर जिवाशी गाठ असलेली गोष्ट. झेलणारे वर बघत असतात. नेमक्या त्याच क्षणी पाठीमागच्या शार्पीचा, म्हणजे अरुंद प्रखर दिव्याचा, झोत डोळ्यांत आला तर सेकंदभर काही दिसत नाही, आणि फ्लायर हवेत असतो जेमतेम सव्वा ते दीड सेकंद. म्हणून एका कागदावर सेकंदांनिशी क्यू लिहून द्यावेत: ०:४१ ते ०:४४ टॉस, स्टेजच्या मध्यावर, समोरून साधा पांढरा प्रकाश, स्ट्रोब (उघडझाप करणारा दिवा) नको. तोच कागद ऑनलाइन डायरेक्टरला, म्हणजे चालू शूटमध्ये कॅमेरे बदलणाऱ्याला, कारण जिबचा, लांब दांड्यावरचा, कॅमेरा झोका घेत स्टेजवर येतो आणि फ्लायर बारा फुटांवर असतो. या कागदाची एक प्रत आवाजाच्या टेबलावरही जावी.

मल्लखांब घेऊन येणाऱ्यांची अडचण वेगळी. दादरच्या शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात, जिथे २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे पुरलेला खांब बघितलेला असतो. जमिनीवर साधारण साडेआठ फूट, खाली जाड, वर निमुळता, शेवटी मान आणि बोंड. जमिनीत पुरलेला असल्यामुळे धावत येऊन उडी घेतली तरी तो दाद देत नाही. स्टेजवर खांब पुरता येत नाही. तो लोखंडी बैठकीवर बोल्टांनी आवळतात, बैठकीवर वजनं ठेवतात. तरी तो वरच्या टोकाला किंचित डोलतो. फिरकी आणि दसरंग हे मल्लखांबावरचे प्रकार करणाऱ्याला हे डोलणं तळव्यात आणि मांडीत लगेच कळतं आणि त्याचा वेग आपोआप कमी होतो. त्यामुळे स्वतःची बैठक स्वतः बनवून, निदान महिनाभर तिच्यावरच सराव करून यावं. सेटवर मिळेल त्या बैठकीवर भरवसा ठेवू नये. बोल्ट प्रत्येक रिहर्सलनंतर पुन्हा आवळावेत, कारण खांबाला बसणाऱ्या झटक्यांनी ते ढिले होतात.

खांबाला एरंडेल लावतात, ते उतरताना खेळाडूच्या पायाला लागून फरशीवर येतं. पुढचा अ‍ॅक्ट नाचाचा असेल तर तिथे कुणीतरी घसरणारच. हे आधीच प्रॉडक्शनला सांगून मल्लखांबाचा अ‍ॅक्ट ब्रेकच्या आधी लावून घ्यावा, खाली रबरी मॅट टाकावी आणि उतरल्यावर पाय पुसायला माणूस उभा करावा. नुसत्या ओल्या पोछानं एरंडेल जात नाही, पसरतं. साबणाचं पाणी आणि मग कोरडं कापड लागतं. दोरीच्या मल्लखांबाला सुमारे अठरा फुटांची दोरी टांगायला वर ट्रस, म्हणजे दिवे टांगायचा धातूचा सांगाडा, हवा. लोंबकळणाऱ्या, झोका घेणाऱ्या माणसामुळे टांगणीवर त्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण येतो. 'दिवे टांगलेत, म्हणजे माणूसही टांगता येईल' हे गृहीत धरायचं नाही. टांगणीचं काम बघणाऱ्या रिगरला त्या जागेची भारक्षमता विचारायची, आणि उत्तर आकड्यात मिळालं नाही तर अ‍ॅक्ट थांबवायचा.

आवाजाच्या कलांत बहुतेक घोळ आवाजाच्या टेबलावर (मिक्सरवर) होतो. गायकासाठी लावलेल्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचे आवाज कापणारं बटण बहुधा सुरूच असतं. बीटबॉक्सरचा किक, म्हणजे खर्जातला ठोका, नेमका तिथेच राहतो. ते बटण बंद, गेट (बारीक आवाज कापणारी सोय) बंद, रिव्हर्ब (घुमारा) नाही, आणि माइक हातात धरायचा डायनॅमिक. एवढं चार शब्दांत सांगता आलं पाहिजे. गेट सुरू राहिलं तर हाय-हॅटचे, म्हणजे झांजेसारखे, बारीक आवाज टेबलावरच मरतात आणि परीक्षकांपर्यंत अर्धवट ठेका पोहोचतो. बासरीवाल्यानं माइक फुंकीच्या रेषेतून थोडा बाजूला ठेवायचा. ढोलकीवाल्यांसाठी मुंबईची हवा ही वेगळीच परीक्षा. बाहेर दमट हवेत कातडं सैल पडलेलं असतं, आत एसीच्या कोरड्या गारव्यात ते ताणलं जातं आणि सूर चढतो. ढोलकी बाहेर मिळवून आत आणली तर वाजवेपर्यंत ती भलत्याच पट्टीत गेलेली असते. निदान अर्धा तास आधी वाद्य स्टेजच्या हवेत ठेवून मगच मिळवायचं.

शब्दभ्रमाचं, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याचं, मात्र मला विशेष अप्रूप आहे. यशवंत पाध्यांनी मराठी रंगमंचावर रुजवलेली आणि रामदास पाध्यांनी अर्धवटराव या बाहुल्यासह घराघरात नेलेली ही कला नाट्यगृहात एक असते आणि क्लोज-अपमध्ये दुसरीच. प, फ, ब, भ, म या पाच अक्षरांना ओठ मिटावेच लागतात. शब्दभ्रमकार त्यांच्या जागी जिभेनं त, थ, द, ध, न यांच्या जवळचा आवाज काढतो, आणि कानाला तो ओठांचाच वाटेल इतका घोटतो. शिवाजी मंदिरच्या दहाव्या रांगेतून ओठांची बारीक हालचाल दिसत नाही. कॅमेऱ्याला ती दिसते. त्यामुळे संहिताच तशी लिहावी लागते. बाहुल्याच्या तोंडी ओठ मिटणारे शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवायचे नाहीत, आणि जिथे ते टळत नाहीत तिथे बाहुल्याची मान जोरात हलवायची, म्हणजे नजर आणि कॅमेरा दोन्ही तिकडे वळतात. राष्ट्रीय वाहिनीवर हिंदीत गेलं तरी त्रास कमी होत नाही: 'मैं', 'हम', 'तुम', 'आप', सगळे ओठांचे शब्द. मराठीतही 'मी', 'आम्ही', 'तुम्ही', 'आपण' अडतात. 'तू' आणि 'त्या' सुटतात.

आता निवडीकडे. परीक्षकांसमोर येण्याआधी व्हिडिओ आणि प्रॉडक्शनच्या टीमची चाळणी असते. व्हिडिओ आडवा, एकाच टेकमध्ये, न कापलेला, पायापासून डोक्यापर्यंत सगळे दिसतील असा. वरून गाणं चढवू नये. खोलीत वाजणारा आवाज राहू द्यावा, कारण त्यावरूनच ताल खरा आहे की नंतर जुळवलेला ते कळतं. गाणी निदान तीन सुचवावीत. वाहिनीकडे ज्या कंपन्यांचे हक्क आहेत तीच गाणी चालतात आणि आवडतं गाणं आयत्या वेळी नाकारलं जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. तिन्ही गाण्यांची लय एकच निवडली, तर टॉसचा हिशेब पुन्हा करावा लागत नाही.

शूटच्या दिवशीचा खरा शत्रू म्हणजे वाट पाहणं. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा नायगावच्या सेटवर सकाळी सहाचा कॉल असतो. विरारकडची मुलं पहिल्या गाड्यांनी, प्रॉप्स लगेजच्या डब्यात टाकून येतात आणि नंबर लागतो संध्याकाळी सातला. एसीत तेरा तास बसलेलं अंग थंड पडलेलं असतं. सकाळी केलेल्या वॉर्म-अपचा संध्याकाळी काही उपयोग नाही. नंबराच्या आधी चाळीस मिनिटांचा निरोप द्यायला सांगावं, आणि त्या चाळीस मिनिटांत अंग पुन्हा तापवून दोन-तीन छोटे टॉस करून घ्यावेत. जेवण दुपारी हलकं, नंतर थोडं थोडं. भरल्या पोटानं उलटा झेल घेणारा फ्लायर कोपऱ्यात ओकताना दिसतो.

पहिल्याच फेरीत सगळं दाखवून टाकणं ही ग्रुपची आणखी एक हमखास चूक. अंतिम फेरीपर्यंत चार-पाच वेगळे अ‍ॅक्ट लागतात आणि दोन फेऱ्यांत कधी आठवडाभराचंच अंतर असतं. एवढ्या वेळात नवा टॉस सुरक्षितपणे बसत नाही, फक्त रचना बदलता येते. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच पाच अ‍ॅक्टचा आराखडा हवा, आणि सगळ्यांत अवघड गोष्ट चौथ्यासाठी राखून ठेवायची. पाचव्यापर्यंत पोहोचण्याची खात्री कुणालाच नसते.

लहान मुलांचा कायदा पालकांनी स्वतः वाचावा. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ च्या सुधारित नियमांनी दिवसाला पाच तासांची मर्यादा घातली आहे, त्यात विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यायची. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मुलाच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत जमा व्हायला हवा. ग्रुपला एकत्र पैसे मिळतात तेव्हा हा वीस टक्क्यांचा भाग हमखास विसरला जातो, कारण चेक ग्रुपच्या नावानं असतो. वाटणीचा कागद पहिल्या शूटच्या आधी करावा. गाजल्यानंतर तो कागद करणं फार अवघड होतं.

करारात दोन गोष्टी शोधाव्यात: किती महिने दुसऱ्या वाहिनीवर जाता येणार नाही, आणि ग्रुपचं नाव कुणाच्या मालकीचं राहणार. पुढची कामं बहुतेक गणपतीच्या मंडपात, सोसायटीच्या कार्यक्रमात, कंपन्यांच्या वार्षिक सोहळ्यात मिळतात. तिथे वर कापडी छत असतं, तेही बऱ्याचदा बारा फुटांवर. टीव्हीवरचा तीन ठोक्यांचा टॉस तिथे देता येत नाही. आयोजक 'टीव्हीवर केलं तेच करा' म्हणून हट्ट धरतात. तेव्हा छताची उंची आधी फोनवर विचारून घ्यावी आणि दोन ठोक्यांचं दुसरं ट्रॅक तयार ठेवावं.

आणि अपघात विमा. ग्रुपसाठी वैयक्तिक अपघाताची सामूहिक पॉलिसी मिळते, पण धोक्याचे खेळ वगळलेले आहेत का ते छापलेल्या अटींत तपासावं लागतं. अर्जात कामाचं स्वरूप म्हणून नुसतं 'नृत्य' लिहू नये. कसरत, माणसाला हवेत फेकणं-झेलणं, अंदाजे उंची, हे सगळं लिहून द्यावं आणि कंपनीकडून ते मान्य असल्याचं लेखी घ्यावं. हप्ता वाढेल, पण दावा 'माहिती लपवली' म्हणून अडणार नाही.